खडीची खेप

साहित्याच्या दरबारांत ज्या वस्तूंना अद्याप कोणी आसन दिलेलें नाहीं, त्यांत खडीचा क्रमांक बराच वरचा लागेल. चंद्र, कमळ, मेघ, हंस यांवर कवींनीं अलोट शाई खर्च केली. परंतु ज्या फोडलेल्या दगडाच्या आधारावर आपलीं घरें उभीं आहेत, ज्याच्यावरून आगगाडी धांवते आणि ज्याच्या थरांवर डांबर पसरून आपण त्यास रस्ता म्हणतों, त्या दगडाकडे पाहण्यास आपणांस सवड झाली नाहीं. मलाही ती झाली नसती. माझें सारें आयुष्य शाळेंत 'राम' आणि 'देव' हे शब्द चालविण्यांत व मुलांकडून चालवून घेण्यांत गेलें. परंतु गेल्या तीन वर्षांपासून आमच्या घरांत शब्दांऐवजीं गाडी चालूं लागली आहे, व तिच्या हौद्यांतून खडी आमच्या बोलण्यांत, हिशेबांत आणि प्रसंगीं जेवणाच्या पंक्तींतही येऊन पडली आहे. म्हणून आज तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आम्ही वाईकर. कृष्णेच्या कांठच्या एका जुन्या आळींत आमचा वाडा आहे. मी, माझा धाकटा भाऊ, दोघांचे संसार आणि सर्वांवर छत्र धरणारी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई, असें आमचें कुटुंब अजून एका चुलीवर जेवतें. भावाच्या मुलानें यंत्रशाखेची पदविका घेतली, एका कारखान्यांत कंत्राटी नोकरींत चार वर्षें काढलीं, आणि कंत्राट संपल्यावर एके दिवशीं कर्ज काढून पिकअप जातीची गाडी दारांत आणून उभी केली. पुढें चालकाची बंदिस्त खोली व मागें उघडा लोखंडी हौदा, अशी ही गाडी वाचकांनीं भाजीबाजारांत पाहिलेलीच असेल. आईनें तिला हळदकुंकूं लावलें, नारळ फोडविला, आणि मग विचारलें, "हिच्यांतून काय नेणार रे, बाळ?"

"खडी, आजी."

आई क्षणभर गप्प राहिली. "आपल्या घरांत भिक्षुकी झाली, मास्तरकी झाली, कारकुनी झाली," ती म्हणाली, "दगड वाहणें तेवढें राहिलें होतें."

"रामरायाला सेतु बांधावयाचा होता तेव्हां दगड कोणीं वाहिले, आजी?"

"वानरांनीं," आई म्हणाली, "आणि तूं लहानपणापासून त्यांतलाच!" सर्वजण हंसले आणि खडीला आमच्या घरांत प्रवेश मिळाला.

आमच्या भागांतील खडी ही काळ्या दगडाची. भूगर्भशास्त्रज्ञ त्यास बेसाल्ट म्हणतात. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा वाहिला, थरांवर थर थिजले, आणि त्यांतूनच दख्खनचें पठार व सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे घडले. तोच थिजलेला अग्नि आज सुरुंगानें फोडून क्रशरच्या लोखंडी जबड्यांत घालतात. पूर्वीं हेंच काम वडार समाजाचीं कुटुंबें रस्त्याच्या कडेस भर उन्हांत बसून हातोड्यानें करीत. बायका एका हातानें पाळणा हालवीत व दुसऱ्या हातानें दगड फोडीत, हें माझ्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. आतां क्रशरखालच्या चाळण्या दगड निवडून देतात. पाऊण इंची खडी स्लॅबच्या काँक्रीटला, त्याहून बारीक ती लहानसहान कामांना, आणि अगदीं शेवटीं उरते ती कच. फोडलेला दगड निवडून वापरण्याची ही कल्पना रस्त्यांच्या कामांत रूढ करणारा स्कॉटलंडचा जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६). रस्त्यावर घालावयाचा कोणताही दगड सहा औंसांहून, म्हणजे सुमारें १७० ग्रॅमहून जड असूं नये, असा त्याचा दंडक होता. लहान, कोनदार दगड एकमेकांत गुंतून बसतात व त्यांचा थर एकजीव होतो, हें त्याचें मर्म. एकत्र कुटुंबाचेंही मर्म तेंच असावें. आम्हांतहि कोनदार दगड कांहीं कमी नाहींत.

आतां मापाकडे वळूं. खडीचा व्यवहार ब्रासावर चालतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच एवढी रास केली कीं एक ब्रास भरला. खडीच्या दोन दगडांमधें पोकळी राहते, ती जमेस धरूनही एका ब्रासाचें वजन साडेचार टनांच्या आसपास भरतें. ओली कच त्याहून जड. कारण बारीक कणांमधें पाणी अडकून राहतें. आमच्या पूर्वजांनींही गाडीच्या ओझ्याचा विचार केलेला होता. अमरकोशांत गाडीभर ओझ्यास 'आचित' असें स्वतंत्र नांव आहे. शंभर पलांची तुला, वीस तुलांचा भार आणि दहा भारांचें आचित, असें तें कोष्टक. म्हणजे एका आचितांत वीस हजार पलें झालीं. पल चार तोळ्यांचें धरलें तर आचित सुमारें ९३३ किलोग्रॅम भरतें. बैलगाडीचें ओझें म्हणून हें माप मला फार समंजस वाटतें. ज्यानें तें ठरविलें त्यानें बैलाच्या खांद्याकडे पाहून ठरविलें असावें, व्यापाऱ्याच्या तिजोरीकडे पाहून नव्हे.

पुतण्याच्या गाडीच्या कागदांवर तिची भारवहनाची मर्यादा दीड टन अशी लिहिलेली आहे. म्हणजे दीड आचिताहून कांहींसें अधिक. तिचा हौदा मीं स्वतः टेप धरून मोजला. लांबी नऊ फूट, रुंदी साडेपांच फूट, बाजूच्या फाळक्यांची उंची दीड फूट. तो कांठोकांठ भरला तर सुमारें ७४ घनफूट खडी मावते. हा पाऊण ब्रास झाला, आणि त्याचें वजन सव्वातीन टनांहून अधिक. आणि दीड टन खडी घालावयाची तर? ती ब्रासाचा तिसरा हिस्सा, म्हणजे तेहतीस घनफूट. साऱ्या हौद्यांत सारखी पसरली तर तिची उंची अवघी आठ इंच होते. दीड फुटाच्या हौद्यांत आठ इंच खडी पाहिली कीं गाडी जवळजवळ रिकामीच दिसते. सारा घोटाळा उत्पन्न होतो तो येथेंच. गवताच्या पेंढ्यांनीं वा फुलकोबीनें हौदा भरला तर डोळा आणि कांटा यांचें एकमत असतें. खडीच्या बाबतींत डोळा सांगतो 'अजून घाल' आणि कांटा सांगतो 'पुरे झालें'. गिऱ्हाईक डोळ्यावर विश्वास ठेवतें. पाटे, टायर आणि ब्रेक मात्र कांट्याचेंच ऐकतात.

मोठे टिपर असतांना लोक पिकअपमधून खडी कां नेतात, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या आळ्यांच्या रुंदींत आहे. ज्या काळीं पालखी आणि बैलगाडी एवढींच वाहनें होतीं त्या काळच्या या वाटा. टिपर तेथें शिरला तर कोणाची तरी ओटी घेऊनच बाहेर पडावयाचा. शिवाय ज्याला न्हाणीघराची जमीन करावयाची आहे वा कुंपणाचे चार खांब रोवावयाचे आहेत, त्यास टिपरभर खडी घेऊन काय करावयाचें? अशा लहान कामांवर पुतण्याचा धंदा चालतो. क्रशरवर यंत्राचा बकेट क्षणार्धांत हौदा भरतो. मात्र ही गाडी टिपरप्रमाणें मागें कलंडत नाहीं. म्हणून दारांत पोंचल्यावर फाळका उघडून फावड्यानें व घमेल्यानें सारी खडी उतरावी लागते. एक गडी बरोबर असतो. दुसरा गडी पुतण्या स्वतः. त्याच्या तळहातांस आतां असे घट्टे पडले आहेत कीं, मुंजीच्या वेळीं पळीनें पाणी सोडणारे हात ते हेच का, असा प्रश्न त्याच्या आईस पडतो.

पहिल्या वर्षीं सर्व ठीक चाललें. दुसऱ्या वर्षीं आमच्या भागांत तशाच आणखी गाड्या आल्या आणि खेपेचा भाव पडला. भाव खेपेवर ठरत असल्यानें ज्याच्या एका खेपेंत अधिक खडी, त्याच्याकडे गिऱ्हाइकांची धांव. कोणी अर्धा ब्रास नेऊं लागले, कोणी फाळक्यांवर फळ्या उभ्या करून पाऊण ब्रासाच्याही वर गेले. आणि हा आग्रह धरणारे लोक अडाणी होते, अशी कोणी समजूत करून घेऊं नये. आमच्याच परिचयाच्या एका सुविद्य गृहस्थांनीं ओटीवर बसून, चहाचा पेला हातांत घेऊन, माझ्यादेखत पुतण्यास सांगितलें, "अरे, हौदा अर्धा रिकामा आणतोस, आणि पैसे मात्र पुऱ्या खेपेचे? घरचा म्हणून तुला काम दिलें!" पुतण्या खालीं मान घालून म्हणाला, "काका, गाडी पासच तेवढ्याची आहे." गृहस्थ हंसले. पुढची खेप त्यांनीं दुसऱ्याकडून आणविली.

त्याच सुमारास कर्जाचे दोन हप्ते थकले. एके रात्रीं जेवणें झाल्यावर हा विषय माजघरांत निघाला. भाऊ स्वभावानें शांत. परंतु त्या दिवशीं तोही चिडला होता.

"अण्णा, तुम्ही त्याला शास्त्र शिकवितां," तो मला म्हणाला. "पण बँक शास्त्र घेत नाहीं, हप्ता घेते. सारें गांव हौदा भरून नेतें. यानेंच तेवढा हरिश्चंद्र व्हावयाचा काय?"

मीं म्हटलें, "गाड्यांचे पाटे आणि ब्रेक सगळ्यांचे सारखेच. गांवानें भरल्यानें ते मजबूत होत नाहींत."

"आजवर कोणाचें काय झालें?"

या प्रश्नास मजजवळ उत्तर होतें, परंतु एका पित्यासमोर तें उच्चारणें मला शक्य झालें नाहीं. पुतण्या कांहींच बोलला नाहीं. त्या महिन्यांत त्यानें कांहीं खेपा अर्ध्या ब्रासाच्या केल्या, हें मला नंतर कळलें. अर्धा ब्रास म्हणजे सव्वादोन टन, मर्यादेच्या दीडपट. मीं त्यास दोष दिला नाहीं. ज्याच्या दारांत सावकार उभा आहे त्याला नीति शिकविणें सोपें आणि ज्याच्या दारांत तो नाहीं त्यानें ती शिकविणें त्याहून सोपें.

पुढें महिन्याभरानें त्याला पांचगणीची एक खेप मिळाली. महाबळेश्वर-पांचगणीचा टापू २००१ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाल्यापासून तेथें खाणकामावर निर्बंध आहेत. त्यामुळें बांधकामाचा माल पुष्कळसा खालूनच पसरणीचा घाट चढून जातो. पांचगणीस माझें थोडें काम होतें, म्हणून मीही चालकाच्या शेजारीं जाऊन बसलों. मी बसणार म्हणून कीं काय कोण जाणे, त्या दिवशीं त्यानें हौदा मोजून भरला होता.

वाईहून पांचगणी सुमारें बारा किलोमीटर. तेवढ्यांत साडेपांचशें मीटरांच्या आसपास चढावें लागतें. एसटीच्या गाडींतून हा घाट मीं शेंकडों वेळां चढलों असेन; परंतु त्या वेळीं दृष्टि धोमच्या जलाशयाकडे असे. या वेळीं प्रथमच माझें लक्ष गाडीकडे होतें. पुतण्या सांगत होता व मी जन्मभर शिकविणारा आज शिकत होतों. हौद्यांतील ओझें मागच्या आंसाच्या पुढें व त्यावर असावें; आंसाच्या मागें गेलें कीं गाडीची शेपटी बसते, पुढचीं चाकें हलकीं होतात आणि वळणावर सुकाणूचें चक्र फिरविलें तरी गाडी पाहिजे तशी वळत नाहीं. चढावर तर तें ओझें आणखी मागें कलतें. उतरतांना दुसरी गोष्ट. ज्या गिअरनें चढावें त्याच गिअरनें उतरावें, म्हणजे इंजिनच गाडीस मागें ओढून धरतें. सारा भरवसा ब्रेकवर ठेवला तर ते तापतात, आणि अति तापलेले ब्रेक पाय दाबूनही धरत नाहींत.

"आणि ओझें दीडपट असेल तर?" मीं विचारलें.

"मग उष्णताही वाढली, काका. ब्रेकांना ठाऊकच नसतें, हप्ता कोणाचा थकला आहे तें."

अर्धा घाट चढलों असूं. एका आडवळणावर दरीच्या बाजूस तशीच एक पिकअप तिरपी उभी दिसली. फाळक्यांना फळ्या लावून खडीची शीग चढविलेली. पाटे उलटे वांकले होते, क्लच जळाल्याचा उग्र दर्प सुटला होता, आणि मागच्या एका चाकापुढचा दगडी कठडा हातभर अंतरावर होता. गाडी चढतां चढतां बंद पडून मागें घसरली होती. एका वाटसरूनें चाकाखालीं दगड सारला, त्यावर ती अडली होती. आंत एक वीसेक वर्षांचा मुलगा दोन्ही पायांनीं ब्रेक दाबून, हातब्रेक ओढून, घामानें निथळत बसला होता. पाय काढला तर काय होईल या भीतीनें तो खालींही उतरूं शकत नव्हता.

पुतण्यानें आमची गाडी पुढें सुरक्षित जागीं लावली. चारी चाकांस मोठे दगड घातले. मग त्या मुलास हाताला धरून खालीं उतरविलें. मला तो म्हणाला, "काका, तुम्ही वळणापलीकडे उभे राहा आणि उपरणें हालवा." मी गेलों. पांच मिनिटें झालीं असतील नसतील तोंच खालून एसटी आली. खिडकींत शाळेचीं मुलें दिसत होतीं. माझें उपरणें पाहून चालकानें वेग कमी केला आणि गाडी हळूच कडेनें काढून नेली. त्या मुलांनीं म्हाताऱ्याची गंमत वाटून मला हात दाखविले.

तासभर आमचा गडी व पुतण्या फावड्यांनीं खडी उतरवीत होते. रास त्यांनीं डोंगराच्या बाजूस, रस्त्याच्या बाहेर घातली. तो मुलगा पाणी पिऊन थोडा सांवरल्यावर मीं त्यास विचारलें, "एवढें कां रे भरलेंस, बाळ?"

"मालक खेपेवर पैसे देतो, आजोबा," तो म्हणाला. "अर्धी खेप असें कांहीं नसतें."

येतांना आमच्या रिकाम्या हौद्यांत ती रास, मापाबाहेर जाणार नाहीं अशा बेतानें, दोन भागांत भरून पुतण्यानें दोन खेपांत खालीं त्याच्या मालकाच्या दारीं पोंचविली. भाडें घेतलें नाहीं. मालकानें आभारही मानले नाहींत. खडी कमी भरली असें मात्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी पूजेस फुलें काढीत होतों तों अंगणांत रंगाचा वास आला. पुतण्या हौद्याच्या आंतून चारी बाजूंस, तळापासून आठ इंचांवर, पांढऱ्या रंगाची रेघ ओढीत होता. रेघेखालीं त्यानें 'दीड टन' असें ठळक अक्षरांत लिहिलें. भाऊ ओटीवर उभा राहून पाहत होता. घाटांतील हकीगत त्यानें रात्रीं ऐकली होती. तो कांहीं बोलला नाहीं. खालीं उतरला आणि रंगाचा डबा धरून उभा राहिला.

या रेघेमुळें लगेच सुबत्ता आली, असें लिहावयास मला आवडलें असतें. परंतु तसें झालें नाहीं. पहिल्या दोन महिन्यांत गिऱ्हाइकें तुटलीं. क्रशरवर चेष्टा झाली. कोणी तिला 'लक्ष्मणरेषा' म्हणाले. थकलेले हप्ते भरण्यासाठीं वाड्याच्या पश्चिमेकडच्या पाख्याचीं कौलें बदलण्याचें काम आम्हीं पुढें ढकललें, आणि त्या पावसाळ्यांत माझ्या खोलींत तीन ठिकाणीं पातेलीं मांडून झोपलों. पातेल्यांत पडणाऱ्या थेंबांचा आवाज मात्र मला तितकासा कर्कश वाटला नाहीं.

मार्ग दाखविला तो सूनबाईनें. पुतण्याची बायको वाणिज्य शाखेची पदवीधर. सकाळीं एका शाळेंत शिकविते आणि रात्रीं गाडीची वही लिहिते. तिनें मागच्या साऱ्या वहीचे दोन भाग केले. एकांत मापाच्या खेपा, दुसऱ्यांत अर्ध्या ब्रासाच्या. जड खेपांच्या महिन्यापाठोपाठ पाट्याचें पान तुटलें होतें, क्लचप्लेट गेली होती, एक टायर बाजूनें फाटला होता, आणि डिझेलही अधिक जळालें होतें. वही सासऱ्यांसमोर ठेवून ती एवढेंच म्हणाली, "बाबा, जास्त खडीचे पैसे आपल्याकडे आले कधींच नाहींत. ते गॅरेजांत गेले." त्यावर तिनें आणखी एक सुचविलें. खेपेचा भाव सोडून द्यावा आणि घनफुटांवर भाव सांगावा. गिऱ्हाइकाच्या दारांत रेघ दाखवून, 'एवढी खडी, एवढे पैसे', असा चोख व्यवहार करावा. हळूहळू लोकांस तें पटलें. ज्यांस खडी मोजून मिळते त्यांस ती कमी मिळाल्याचा संशय राहत नाहीं. आज हप्ते वेळेवर जातात. श्रीमंती आली नाहीं, पण झोंप आली.

कायदाही याच बाजूस आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती झाली. तीप्रमाणें मर्यादेबाहेर ओझें नेणारास वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनास दोन हजार, आणि जादा माल तेथेंच उतरविण्याचा खर्चही त्याच्याच शिरावर. परंतु दंडाहून मोठी गोष्ट मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सांगितली. तो रस्त्यांच्या कामांवर अभियंता आहे. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतांत १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून निरनिराळ्या ओझ्यांच्या गाड्या वर्षें-दोन वर्षें फिरविण्यांत आल्या. त्यांतून असें दिसलें कीं, आंसावरचें ओझें दुप्पट झालें तर रस्त्याची हानि दुप्पट होत नाहीं. ती सुमारें सोळापट होते. ओझ्याचा चतुर्थ घात, असें त्यानें गणिताच्या भाषेंत सांगितलें. रस्त्यांचा मोठा नाश अवजड ट्रक करतात हें खरें. परंतु आमच्या आळ्यांतील फरशा तरी कोणत्या मोठ्या ओझ्यासाठीं बसविल्या होत्या? आणि यांत लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, पहिल्या जड खेपेस रस्ता कुरकुरत नाहीं. दहाव्याही खेपेस नाहीं. एका पावसाळ्यांत अकस्मात् तो उखडतो, आणि आपण पावसास दोष देतों.

हा चतुर्थ घात मीं त्या रात्रीं जेवतांना सर्वांस समजावून सांगितला. शिक्षकाची संवय, थाळींतील भात निवाला तरी सिद्धांत पुरा झाल्यावांचून राहवत नाहीं. सर्वांनीं माना डोलावल्या. सूनबाई वाढीत होती. पहाटे पांचला उठून डबे, सकाळची शाळा, दुपारीं आईचें औषधपाणी, संध्याकाळीं स्वयंपाक, रात्रीं गाडीची वही, आणि मधें दोन लेकरें. या सर्वांत ती कधीं कुरकुरल्याचें मला आठवत नाहीं.

आईचें जेवण झालें होतें. तिनें हात धुतले, पदरास पुसले, आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "दगडाचा हिशेब चांगला केलास. आतां हिच्याही हौद्याला एक रेघ ओढा रे कोणीतरी."

कोणीही बोललें नाहीं. सूनबाई आमटीचें भांडें हातांत घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलें तें आम्हीं सर्वांनीं पाहिलें.

एकत्र कुटुंबाची थोरवी आपण नेहमीं गातों, आणि ती खोटी नाहीं. आमचे थकलेले हप्ते एकट्याच्या संसारांत फिटले नसते. परंतु ज्या घरांत पुष्कळ माणसें असतात त्या घरांत ओझें सर्वांवर सारखें पसरतें, असें मात्र नाहीं. तें बहुधा न बोलणाऱ्या माणसावर जाऊन सांचतें, आणि हौदा अजून रिकामाच आहे असें बाकीच्यांचा डोळा सांगत राहतो. अशा घरांतील वडीलधाऱ्यांनीं वर्षांतून एकदां तरी घरच्या माणसांच्या कामांची एक वही करून पाहावी. आम्हीं ती केली. पाहिली तेव्हां लाज वाटली, आणि मग वांटणी झाली. आईचें औषध आतां मी देतों. सकाळचा चहा व डबे भावजय आणि माझी पत्नी करतात. पुतण्या लेकरांना शाळेंत पोंचवितो.

रात्रीचीं भांडीं मी व भाऊ घासतों. भाऊ पितळी पातेलें घासतांना अजून चिंचेचा फार नास करतो. परंतु तेंही जमेल.